फुलाखालची पानं

दि. २ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नाही, चिडचिडीमुळे. चिडलेल्या माणसाने पत्र लिहू नये असं लहानपणी तूच मला सांगितलं होतंस, म्हणून राग उतरायची वाट पाहत होते. तो काही उतरत नाही, तेव्हा तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षीच्या तुझ्या नऊ पुड्या मी पहिल्यापासून पुन्हा तपासल्या. नवांवरही तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात एकच मजकूर आहे: रानखसखस, लाल, डोंगराचा पूर्व उतार. आणि निकाल बघ. पाच पुड्यांत थेबाईन निघालं. उरलेल्या चारांत त्याचा मागमूस नाही, तिथे आयसोथेबाईन. नावं भावंडांसारखी असली तरी एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही. थेबाईनपासून पुढे दवाखान्यात लागणारी औषधं तयार होतात, आणि ते या रानटी रोपात भरपूर व भरवशाने मिळतं एवढंच मला सिद्ध करायचं आहे. त्यातलं 'भरपूर' जमलं. 'भरवशाने'पाशी तीन वर्षं अडकले आहे.

तू शाळेत मुलांना शाईचा ठिपका टिपकागदावर चढवून दाखवायचास. आम्हीही प्रयोगशाळेत तेच करतो, फक्त काचेच्या पट्टीवर, रोपाच्या रसाचं. प्रत्येक द्रव्य आपापल्या उंचीवर जाऊन थांबतं. एका जातीच्या रोपांचे ठिपके एका ओळीत यायला हवेत. माझे ठिपके पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलांसारखे कुठेही उभे राहतात.

काल आमच्या विभागाच्या सरांनी बोलावून घेतलं. २८ तारखेला आढाव्याची बैठक आहे. त्याआधी सहा ताज्या पुड्यांचा निकाल एकसारखा आला तर विषय पुढे चालेल. नाही आला तर विषय बंद, आणि माझी बदली तळमजल्यावर, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तपासायला. सर हे ओरडून सांगत नाहीत. पेन्सिलीला टोक काढता काढता सांगतात, म्हणून जास्त लागतं.

तेव्हा मामा, एक विचारते. रागावू नकोस. ही सगळी एकाच जातीची फुलं आहेत याची तुला खात्री आहे ना? सहा पुड्या लवकर पाठव.

मामीला नमस्कार. गुडघा शेकत जा. लोभ आहेच, या प्रश्नाने तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


दि. ७ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'खात्री आहे ना' हे शब्द तिथेच होते.

बाळ, चाळीस वर्षं मी या डोंगरावर चढतो आहे. शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की या गावातली गवताची काडीसुद्धा गुरुजींना विचारून उगवते. त्यातला हारतुऱ्यापुरता भाग सोडला तरी, लाल रानखसखस ओळखण्याइतपत अक्कल मला नक्कीच आहे. तू चार वर्षांची असताना एरंडाला पपई म्हणून रडून गोंधळ घातला होतास, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे, तरी तुझ्या सरांच्या समाधानासाठी लिहितो. डोंगरावर मी फक्त कापतो. चष्मा नेत नाही, वाकलं की तो घसरतो. दोन चष्मे दगडावर फुटून गेले. खालच्या ओढ्यापासून वरच्या खडकापर्यंत जे लाल दिसेल ते पिशवीत, ओढ्याकाठचं तळाशी, खडकातलं वर. घरी आलं की तुझी मामी सगळं साफ करते आणि खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर मांडते. मग मी चष्मा लावून, भिंग घेऊन, भरपूर उजेडात एकेक रोप बघतो. पाकळीचा लाल रंग, तिच्या बुडाशी काळा डाग, देठावरची लव, पानाची कातर. त्यानंतरच पुडी बांधून चिठ्ठी लिहितो, एका पुडीत एकच रोप. घाई माझ्या हातून आजवर झालेली नाही आणि होणारही नाही.

सहा पुड्या सोबत आहेत. पोस्टात नवा कारकून आला आहे. पुडीवरचं नाव वाचून त्याने खाली वाकून, हलक्या आवाजात विचारलं की ही अफूच ना. मी तुमचा परवाना दाखवला आणि मग त्याला समजावून दिलं, की अफूची खसखस शेतातली, एका हंगामात संपणारी. ही डोंगरातली, मूळ धरून वर्षानुवर्षं जगणारी, तिची लांबची नातेवाईक. पंधरा मिनिटं लागली. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्याने हात जोडून शिक्का मारला.

गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण चालतो. काळजी करू नये आणि चिडचिड करून पित्त वाढवू नये.

तुझा,
मामा

ठमी, मी मामी. कडेला जागा उरली म्हणून लिहिते. यावेळीही सगळं स्वच्छ निवडून दिलं आहे, काडीकचरा सापडणार नाही. जेवत जा.


दि. १९ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तीन आणि तीन.

आणखी काय लिहू? सहा पुड्या आल्या, तीन अशा निघाल्या, तीन तशा. मी प्रत्येकीचं काम चार चार वेळा केलं. जी पुडी एकदा थेबाईन देते ती चारही वेळा तेच देते, दुसरी चारही वेळा दुसरंच. आमच्या खोलीतला पंखा बंद केला, बाटल्या नव्या घेतल्या, पट्ट्यांचा खोका बदलला, हात इतके धुतले की कातडी सोलली. डोकं भणभणून गेलं आहे.

शेवटी वरच्या मजल्यावर वनस्पतीशास्त्राच्या बाई बसतात, त्यांच्याकडे सहाही पुड्या घेऊन गेले. त्यांनी एक नवी गोष्ट सांगितली. या लाल खसखशीच्या अगदी जवळच्या दोन जाती आहेत म्हणे. वाळल्यावर पाकळीवरून फरक धरवत नाही. खात्रीची खूण एकच: एका जातीला फुलाच्या लगेच खाली, मानेला चिकटून चारपाच राठ, लहान पानं असतात. दुसरीला मान मोकळी. पानवालीत थेबाईन असतं, मोकळीत नसतं. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी भिंगाखाली एकेक रोप घेतलं. सगळ्यांची मान मोकळी. कुठे कुठे बारीक व्रण दिसले, ते वाळताना पडतात म्हणाल्या. म्हणजे सगळी एकाच जातीची, आणि तीही थेबाईन नसलेली.

मग तीन पुड्यांत थेबाईन आलं कुठून? सरांना लगेच सुचलं. तुलना करायला शुद्ध थेबाईनची एक कुपी माझ्या फळीवर असते. तिचाच अंश माझ्या हातून नमुन्यांत जातो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात मी दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या, त्याचीही त्यांनी आठवण काढली. मी म्हटलं की मग सहाही पुड्यांत का जात नाही, तीनांतच का. त्यावर पेन्सिलीला टोक.

मामा, तू खरं सांग. डोंगरावर कधी अशी पानं दिसली का? की गुडघ्यामुळे तू हल्ली दुसऱ्या कुणाकडून फुलं आणवतोस आणि मला सांगत नाहीस? तसं असेल तर आत्ताच सांग. नऊ दिवस उरले आहेत.

मामीला नमस्कार.

ठमी


दि. २३ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

दुसऱ्या कुणाकडून फुलं आणवायची वेळ आली तर मी पुड्यांवर त्याचं नाव लिहीन. इतकं तुला कळायला हवं होतं.

तू म्हणतेस तसली पानं माझ्या टेबलावर एकदाही आलेली नाहीत. माझ्या कपाटात, तुझं काम सुरू झाल्यापासूनचे, या फुलाचे एकशे बारा कागद आहेत, दाबून, वाळवून, चिकटवून. आज सकाळी सगळे काढून पाहिले. एकशे बारा मोकळ्या माना. तुझ्या बाईंनी हवं तर येऊन मोजाव्यात.

तेव्हा चूक कुठे आहे ते तुमच्या खोलीत शोधा. यापुढे पुड्या पाठवणार नाही. माझ्या कामावर माझ्या घरातल्याच माणसाचा भरवसा नसेल तर या वयात मी डोंगर कशासाठी चढायचा?

तब्येतीस जपावे.

मामा


दि. २९ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. मी माझ्या चोवीस पट्ट्या नेल्या होत्या, त्या कुणी हातातही घेतल्या नाहीत. सरांनी वनस्पतीशास्त्राच्या बाईंचा अभिप्राय वाचून दाखवला, तुझं उत्तर मी वाचून दाखवलं. दोन्हींचा अर्थ एकच निघत होता. रोपं एका जातीची, मग घोटाळा करणारी मी.

त्यांनी एक कागद पुढे केला. नमुने हाताळताना माझ्याकडून चूक झाली, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सही केली तर नोकरी राहील, तळमजल्यावर. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत तुझ्या कपाटापर्यंत सगळं उकरणार. चूक माझी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. चारचार वेळा करून पाहणाऱ्या माणसाचा हात असा अर्धाच चुकत नाही. पण तिथे आठ माणसं घड्याळाकडे बघत बसली होती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. ते त्यांच्यासमोर फुटू नये म्हणून मी सही केली. तीन वर्षांचं काम एका सहीत गेलं, आणि तीही खोटी.

आजपासून तळमजल्यावर आहे. खोली अरुंद, खिडकी रस्त्याच्या पातळीला. दिवसभर लोकांचे पाय दिसतात. सिरपचा वास केसांतून जात नाही.

मागच्या पत्रात मी तुझ्यावर संशय घेतला त्याची माफी मागते. तू पुड्या पाठवणार नाहीस ते आता बरोबरच आहे, कारण त्या उघडायला इथे कुणी नाही.

मामीला नमस्कार.

तुझी,
ठमी


दि. ४ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुझं पत्र आल्यापासून हे टेबलाशी बसत नाहीत. कपाटाला कुलूप लावलं, भिंगाला फडकं गुंडाळलं. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून डोंगराकडे पाठ करून बसतात. मी काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले, की ठमीचं काम बंद झालं. तू त्यांना काय लिहिलंस आणि त्यांनी तुला काय लिहिलं, ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही. पत्रं यांच्या खिशात असतात.

मला त्या द्रव्यातलं काही कळत नाही. पण तुझी मेहनत मला कळते. तू लहानपणी चित्र रंगवताना रेघेबाहेर रंग गेला तर आख्खं पान पुन्हा काढायचीस. तुझ्या हातून असा गोंधळ होईल हे मला पटत नाही. तुझ्या सरांना मी ओळखत नाही, पण माणूस उतावळा असणार.

आता काम थांबलंच आहे तर एका परीने माझ्या बोटांना सुट्टी. हे ओढ्याकाठची फुलं आणतात ती गुणी असतात, झटकली की झाली. पण वरच्या खडकातली फार दमवतात. फुलाखाली मानेशी ती राठ, वाळकी पानं घट्ट धरून असतात, नखाने एकेक उपटावी लागतात. यावर्षी तर अंगठ्याला फोड आला होता. यांना टेबलावर नीटनेटकं लागतं आणि तुझ्याकडे कचरा जाऊ नये, म्हणून मी कधी कंटाळा केला नाही. भाजी निवडायला बसावं तशी बसायची मी, सकाळची कामं उरकली की.

सुट्टी मिळाली तर चार दिवस इकडे ये. तू आलीस तर हेही खुर्ची फिरवतील. पत्र पाठव, माझ्या नावाने पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
मामी


दि. ९ जुलै

मामी,

नमस्कार वगैरे नंतर. तुझं पत्र मी तळमजल्यावर उभ्याने वाचलं आणि हातातली बाटली खाली ठेवायला जागा सुचेना.

तू ती पानं उपटत होतीस? तीन वर्षं? अगं, तीच पानं. सगळं काही त्या पानांवर होतं. वरच्या खडकातली फुलं एका जातीची, ओढ्याकाठची दुसऱ्या. पानवालीत थेबाईन. तू पानं काढलीस की दोन्ही सारखी दिसायला लागतात, आणि मग मामा भिंग लावून दोन्हींवर एकच चिठ्ठी डकवतो. इकडे बाई त्याच मोकळ्या माना बघून शिक्कामोर्तब करतात. माझ्या पट्ट्या खरं बोलत होत्या, एकट्या त्याच खरं बोलत होत्या, आणि मी अकरा दिवसांपूर्वी त्यांना खोटं ठरवून सही करून बसले.

तुझं पत्र अकरा दिवस आधी आलं असतं तर. तुम्ही दोघं एका घरात राहता, एका टेबलाशी बसता. त्याने कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. रोप जसं आहे तसं पाठवायचं असतं एवढी साधी गोष्ट. मला कचरा चालला असता. मुंग्या चालल्या असत्या. मला स्वच्छ फुलं नको होती, मला खरी फुलं हवी होती.

मी फार चिडले आहे. हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही, कारण वाचलं तर पाठवणार नाही.

ठमी


दि. १५ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच या घरात तुझं पत्र मी वाचून दाखवलं आणि यांनी ऐकलं.

यांचा विश्वास बसेना. तेव्हा म्हटलं, चला. मी तो डोंगर आजवर चढले नव्हते. आमच्यात वाटणीच तशी होती, डोंगर यांचा आणि टेबल माझं. पहिल्या वळणावर यांचा गुडघा थांबला. मी यांना दगडावर बसवलं आणि एकटी वर गेले. फुलं कधीच गळून गेली आहेत, पण वाळकी बोंडं देठावर उभी आहेत. खडकातल्या बोंडांखाली ती पानं अजून तशीच चिकटून आहेत. उतरताना ओढ्याकाठची घेतली, त्यांना काही नाही. दोन्ही यांच्या मांडीवर ठेवली. यावेळी चष्मा मी पदराला बांधून नेला होता. हे बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही वेगवेगळ्या फडक्यांत बांधून घेतली.

सोबत दोन खोके आहेत, वरचं वेगळं, खालचं वेगळं. कशालाही हात लावलेला नाही. मातीही तशीच आहे. कोळी निघाला तर तोही तिथलाच समज.

आता तुझ्या पत्राचं. तू चिडलीस ते बरोबर आहे. माझ्या हातून तुझं नुकसान झालं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही आणि कितीही दिवस वाटणार नाही. पण मी कधी सांगितलं नाही असं तू लिहिलंस, ते खरं नाही. मी विचारलं होतं. पहिल्या वर्षी, पहिल्या पुड्यांबरोबर यांचं जे पत्र गेलं त्याच्या कडेला मी लिहिलं होतं, की काही फुलांच्या मानेशी पानं असतात, ती ठेवायची की काढायची. तुझं उत्तर दोन पानी आलं. त्यात यांच्या प्रत्येक ओळीला उत्तर होतं, आणि मला नमस्कार होता. त्या वेळची पानं मी कचरा समजून काढली होती, म्हणून आठ दिवस उत्तराची वाट पाहिली. मग ठरवलं, एवढ्या शिकलेल्या मुलीला इतक्या बारीक गोष्टीचं काय, आणि काढतच राहिले. यांना विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण हे टेबलाशी बसले की मध्ये बोललेलं यांना चालत नाही.

मी एवढंच म्हणते. तीन वर्षं ती फुलं सगळ्यात आधी माझ्या हातात येत होती. दोन प्रकारची आहेत हे माझ्या नखांना ठाऊक होतं. त्यात विशेष काही आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला काय दिसतं हेही कुणी विचारलं नाही.

तुझी,
मामी

ठमी, खाली चार ओळी माझ्या. एकशे बारा कागद पुन्हा काढले. भिंगाने पाहिल्यावर साठएक कागदांवर देठाशी बारीक व्रण दिसतात. मी त्यांना आजवर व्रण म्हणत नव्हतो, काहीच म्हणत नव्हतो. टेबलावर जे मांडलं गेलं त्यालाच मी रोप समजलो. शाळेत मुलांना मी शिकवायचो की आधी बघावं, मग नाव द्यावं. तुझ्या सरांना माझ्याकडून लिहून हवं असेल तर लिहून देतो. मामा.


दि. २६ जुलै

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात नमस्कार राहिला होता, तो यात दोनदा समज.

खोके पोचले. मी ते तसेच वर नेले, वनस्पतीशास्त्राच्या बाईंच्या टेबलावर. त्यांना भिंगही लागलं नाही. दोन जाती, त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याच अभिप्रायाचा कागद मागवून घेतला. सरांनी मला दोन दिवस पट्ट्या करायला वर येऊ दिलं. वरच्या खोक्यातली दहाही बोंडं थेबाईनची, खालची दहाही दुसऱ्याची. ठिपके दोन सरळ ओळींत उभे होते. तीन वर्षांत असं दृश्य मी पाहिलं नव्हतं, आणि तरी मला नाचावंसं वाटलं नाही. राग जायला अजून वेळ लागेल, फक्त तो आता तुझ्यावर नाही.

सरांनी पेन्सिल बाजूला ठेवली, हेच त्यांचं दिलगिरी दाखवणं असावं. ते म्हणाले की माझी सही असलेला तो कागद फाडून टाकू. त्याऐवजी दुसरा लिहू, की नमुने गोळा करणाऱ्यांच्या घरी हाताळणीत बिघडले. माझ्यावरचा ठपका त्याने पुसला जाईल. मी एक दिवस मागून घेतला.

मग मी माझी जुनी फाईल काढली. मामाचं पहिल्या वर्षीचं ते पत्र त्यात आहे. त्याच्या ओळींखाली माझ्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. उंची, उतार, तारीख, सगळ्याखाली. आणि कडेला उभ्या ओळीत तुझं बारीक अक्षर. फाईलमध्ये लावताना मी कागदाला भोक पाडलं ते नेमकं तुझ्या ओळीतून गेलं आहे. 'ठेवायची की' एवढं अर्धं तुटलं आहे, बाकी सगळं नीट वाचता येतं. मी ते पत्र तीन वर्षांत निदान वीस वेळा काढलं असेल. कडेचं एकदाही वाचलं नाही.

तेव्हा तो कागद मी फाडू दिला नाही. नमुने हाताळताना माझ्याकडून चूक झाली, असं त्यावर आहे, ते राहू दिलं. सही केली तेव्हा ते मला खोटं वाटत होतं. त्याखाली मी माझ्या हाताने कारण लिहिलं: नमुने स्वच्छ करणाऱ्या व्यक्तीने पहिल्याच वर्षी नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. सर म्हणाले की असं लिहिलंस तर विषय पुन्हा उघडायला डिसेंबरची बैठक लागेल, आणि तोवर खोकल्याच्या बाटल्या. मी म्हटलं, चालेल. चालत नाही खरं तर. रोज सकाळी जिना उतरताना जीव नकोसा होतो. पण दुसरं काही लिहिणं मला जमलं नसतं.

मामाला म्हणावं, त्याने काही लिहून द्यायचं नाही. कपाटाचं कुलूप काढायचं, आणि साठ कागद वेगळे करायला बसायचं ते तुझ्या शेजारी बसून. पुढच्या मोसमात डिसेंबरने काहीही ठरवलेलं असो, मी येणार आहे. मला वरचा खडक तू दाखव.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ठेवायची, मामी. पानं ठेवायची.

रागाच्या पत्राबद्दल क्षमा असावी. जमेल तेव्हा माझ्यावर पूर्वीइतकी माया कर.

तुझी,
ठमी